कोर्निलियाच्या पायऱ्या आणि माझी चूक

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लाज वाटली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 'इटलीला पहिल्यांदा जाताय? समुद्रासाठी अमाल्फी राहू द्या, चिंक्वे तेर्रे करा' असं मी लिहिलं होतं. चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरची पाच छोटी गावं, आणि अमाल्फी म्हणजे दक्षिणेतला, नेपल्सजवळचा किनारा. ते वाचून ताईंनी त्या पाचांतल्या कोर्निलियात तीन रात्रींचं बुकिंग केलं. सोबत सासूबाई, वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. स्टेशनवर उतरल्यावर कळलं की गाव डोंगरावर आहे. 'ट्रेन दारात सोडते म्हणालात, दार कुठे आहे ते नाही सांगितलंत,' हे तुमचं वाक्य लागलं.

बरोबरच आहे. पाचांपैकी चार गावं पाण्याला टेकलेली, कोर्निलिया तेवढं समुद्रापासून शंभरेक मीटर वर. स्टेशन खाली, आणि मध्ये विटांचा नागमोडी जिना, पावणेचारशेच्या वर पायऱ्यांचा. स्टेशनवरून गावात छोटी बस जाते. तीही मी लिहिली नाही, कारण मी पाठीवर एक सॅक टाकून चढून गेलो होतो आणि वर पोचल्यावर जिना विसरलो होतो. एकट्याने फिरणाऱ्याने कुटुंबांना सल्ले दिले की हे असं होतं. लेखात आता दुरुस्ती केली आहे. वडीलधारी मंडळी सोबत असतील तर मोंतेरोसोत राहा. पाचांत त्यातल्या त्यात सपाट तेच, आणि वाळूचा बऱ्यापैकी किनाराही तिथेच. नाहीतर लेवान्तो. ते पाचांत मोडत नाही, पण मोंतेरोसोच्या पलीकडचं लगेचचं स्टेशन.

पण 'अमाल्फीला गेलो असतो तर हा त्रास झालाच नसता' हे काही पटत नाही. पायऱ्या तिथेही पाचवीला पुजलेल्या. अमाल्फीच्या कॅथेड्रलच्या दारापर्यंतच ६२ आहेत, आणि पोसितानो म्हणजे तर अख्खं गावच एक जिना. अमाल्फीला गेलेल्या तुमच्या नणंदेला त्रास झाला नाही, कारण त्या त्याच किनाऱ्यावरच्या मायोरीत उतरल्या होत्या. लांब किनारा, सपाट रस्ता. म्हणजे फरक त्या दोन किनाऱ्यांत नव्हता, मुक्कामाच्या गावात होता.

खरा फरक आहे तो हलण्याफिरण्यात. चिंक्वे तेर्रेत जवळच्या ला स्पेत्सिया शहरापासून लेवान्तोपर्यंत लोकल धावते, दोन गावांमधलं अंतर काही मिनिटांचं. खिडकीची जागा पकडून फारसा उपयोग नाही. बोगदा, क्षणभर निळं पाणी, परत बोगदा. वेर्नात्साला तर फलाटाचा एक भाग बोगद्यातच आहे. पुढचा-मागचा डबा अंधारात थांबतो आणि नवखी माणसं स्टेशन अजून यायचंय म्हणून बसून राहतात. मीही बसलो होतो.

अमाल्फीच्या किनाऱ्याला रेल्वेच नाही. सालेर्नोजवळचं व्हिएत्री सोडलं की पुढे एकच अरुंद घाटरस्ता, वळणावळणावर हॉर्न. समोरून दुसरी बस आली की एकाने मागे घ्यायचं. आपल्यात ज्यांना गाडी लागते त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. भर जूनमध्ये पोसितानोच्या थांब्यावर मी तासभर उभा होतो, दोन बस भरलेल्याच निघून गेल्या. तरीही जाणार असाल तर सोरेंतो गावाहून बसने निघताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला. आणि सासूबाई सोबत असतील तर बसचा नादच सोडा. मुक्काम सालेर्नोत, रोमहून थेट ट्रेनने दोनेक तासांत, आणि तिथून फेरीबोटीने अमाल्फी. फक्त हिवाळ्यात बोटी बंद असतात.

'दोन्ही करा असं का नाही सांगितलंत?' तुमचे दिवस होते आठ. ला स्पेत्सियाहून सालेर्नोपर्यंत गाड्या बदलत सहा तास तरी धरा, वर सामानाची चढउतार. एक अख्खा दिवस त्यातच गेला असता. तुमच्या यादीत फ्लॉरेन्स आणि पिसा होते, तिथून जवळ म्हणून चिंक्वे तेर्रे. अमाल्फीजवळचं पाँपेई असतं तर मीच अमाल्फी म्हटलं असतं.

आता 'पाच सारखीच रंगीत गावं, फोटो काढायचे आणि निघायचं' याबद्दल. इथे मात्र मी भांडणार. तुम्ही रत्नागिरीच्या, म्हणजे गडगा काय ते तुम्हाला सांगायला नको. त्या गावांच्या वरचा सगळा डोंगर तशाच गडग्यांनी बांधलेला आहे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. हजारेक वर्षं माणसांनी उतारावर अशी पायरीपायरीची शेतं करून द्राक्षं लावली. १९९७ साली युनेस्कोच्या यादीत हा किनारा गेला तो या शेतांसकट, नुसत्या रंगीत भिंतींसाठी नाही. (त्याच वर्षी अमाल्फीही गेला, तेव्हा इथे बरोबरी.) पोरं शेती सोडून गेली की गडगे ढासळतात आणि पाणी माती घेऊन खाली येतं. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोसो चिखलात गाडली गेली होती. पाचांतल्याच रिओमाज्जोरे आणि मानारोला यांच्यामधली प्रसिद्ध पायवाट २०१२ मध्ये दरड पडून बंद झाली, ती उघडायला २०२४ उजाडलं. पुन्हा गेलात तर नजर घरांवरून जरा वर न्या.

जाता जाता, सासूबाईंना 'ते बेसनाचं काहीतरी' तेवढं आवडलं म्हणालात. ती फारिनाता. एक भाग बेसन, तीन भाग पाणी, मीठ. चार-पाच तास ठेवायचं, वर आलेला फेस काढायचा, भरपूर ऑलिव्ह तेल घातलेल्या पसरट ताटात पातळ ओतून कडक तापलेल्या ओव्हनमध्ये. वरून मिरपूड. हळद, ओवा घालायचा मोह होईल. घातलात तर ते धिरडं होईल, चांगलंच लागेल, पण मग माझ्याकडे तक्रार करू नका.