नव्वद ओव्हर आणि आमचं खानदान

क्रिकेटची मॅच घरीच बघावी, हे माझं मत मी कुणालाही, कधीही, कुणी न विचारता सांगायला तयार असतो. घरी सोफा असतो, डोक्यावर पंखा असतो, विकेट पडली की पाच-सहा अँगलने रिप्ले असतो आणि मुख्य म्हणजे बाथरूमला लाइन नसते. स्टेडियममध्ये यातलं काय मिळतं? ऊन मिळतं. तरी लोक जातात, आणि एकटे नाही जात, म्हातारी माणसं, पोरंबाळं असा आख्खा लवाजमा घेऊन जातात, आणि आमच्याकडे हा लवाजमा हलवायचं काम परंपरेने माझ्याकडे आहे.

बरं जायचं तर टी-ट्वेंटीला जावं ना, साडेतीन-चार तासांत माणूस मोकळा. पण आत्याने साफ सांगितलं, यायचं तर टेस्टलाच, ते दुसरं काय असतं त्याला मी क्रिकेट म्हणत नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा या जगात एकाच व्यक्तीला घाबरतात आणि ती हीच, त्यामुळे चर्चा तिथेच संपली. बायको म्हणाली मी पण येते, तुम्हा तिघांत कुणीतरी न्यूट्रल पाहिजे. (ती न्यूट्रल वगैरे अजिबात नसते, कायम आत्याच्या बाजूने असते. असो.)

गेटवरच पहिला सेशन सुरू झाला. बाटली नको, छत्री नको, पॉवर बँक नको, नाणी नको, पेन नको. बाबांना म्हटलं खिसे रिकामे करा, तर त्यांच्या खिशातून जे निघायला लागलं ते थांबेचना. सुट्टे पैसे, नेलकटर, किल्ल्यांचा जुडगा, जुनी बिलं, आणि सगळ्यात शेवटी मेजरिंग टेप. सिक्युरिटीवाल्याने टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा, टेप कशाला?" तर म्हणे, "लागते कधी कधी." कधी लागते? पिचचे बावीस यार्ड नीट आहेत का बघायला जाणार होता का तुम्ही? मागे लाइन खोळंबलेली, लोक शिव्या हासडतायत, आणि बाबा त्या माणसाला पावती मागतायत.

आत्याचं पेन गेलं. हे जास्त सिरियस होतं, कारण आत्या स्कोअर लिहिते. फोनमध्ये सगळं येतं हे तिला माहितीये, तरी लिहिते, जाड पुठ्ठ्याच्या वहीत, स्वतः रेघा मारून. पेन काढून घेतल्यावर ती एक अक्षर बोलली नाही तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सीटवर टेकलो, तिने वही उघडली, शांतपणे हात मागे नेला आणि अंबाड्यातून पेन्सिल काढली. म्हणाली, "यादीत पेन होतं. पेन्सिल नव्हती."

मग मॅच सुरू झाली, आणि टीव्हीसमोर बसून फिल्डिंग लावणाऱ्या, कॅप्टनला मूर्ख म्हणणाऱ्या, बॉलरच्या मनगटावरून गुगली ओळखणाऱ्या आमच्या बाबांना प्रत्यक्षात काहीही दिसेना. सगळे पांढऱ्या कपड्यांत. 2019 पासून टेस्टच्या शर्टावरही मागे नाव आणि नंबर असतो, पण वरच्या मजल्यावरून तो वाचायला दुर्बीण लागते, आणि दुर्बीण नेमकी घरी राहिलेली, मेजरिंग टेप मात्र आणलेली. "तो कोण रे, स्लिपमधला?" स्लिपमधला म्हणजे कुठला हेच मला कळत नव्हतं. एकदा तर त्यांनी एकाच्या चालण्याचं कौतुक केलं, बघ कसा रुबाबात चालतो, खानदानी बॅट्समन आहे, तो ड्रिंक्सची ट्रॉली आणणारा निघाला.

शिवाय आवाज उशिरा येतो, हे घरी बसून कळत नाही. आम्ही पिचपासून शंभर-सव्वाशे मीटरवर असू. बॅट फिरलेली दिसते, बॉल निघालेला दिसतो, आणि मग साधारण एक तृतीयांश सेकंदाने 'ठक्' ऐकू येतो. पहिल्यांदा वाटतं आपल्या डोळ्यातच काहीतरी बिघडलंय. बायकोला तो प्रकार इतका आवडला की ती अर्धा तास फक्त तेच करत होती, बघायचं आणि ठक्ची वाट बघायची. आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ होते ते याच्याही पलीकडचे, मैदान समोर असताना फोनवर तीच मॅच लाइव्ह बघत होते, आणि ती चांगली अर्ध्या मिनिटाने मागे. फोर गेला की आख्खं स्टेडियम ओरडायचं, शांत व्हायचं, बॉलर पुन्हा रनअपला जायचा आणि मग हे एकटे उठून, "शॉट्ट!!"

आता हिशोबाचं बोलतो, कारण अकरा वाजेपर्यंत मला दुसरं काही कामच नव्हतं. दिवसाला ओव्हर 90, म्हणजे बॉल 540. एक बॉल बॉलरच्या हातातून सुटून कीपरकडे किंवा फिल्डरकडे थांबेपर्यंत, अगदी सढळ हाताने, दहा सेकंद धरा. झाले दीड तास. आणि दिवस केवढा? खेळ सहा तासांचा, वर 40 मिनिटं लंच, 20 मिनिटं टी, असे सात तास. म्हणजे आपण तिकीट काढतो त्यातला क्रिकेट असतो दीड तास आणि उरलेले साडेपाच तास एक माणूस चेंडू मांडीला घासत चालत असतो. हे मी मोठ्या आवाजात जाहीर केलं. कुणी लक्ष दिलं नाही, कारण बाबा आणि आत्या बोलत होते.

खरंच बोलत होते. एरवी या दोघांचं बोलणं म्हणजे फोनवर, आणि फोनवर काय तर तब्येत बरी ना, गोळ्या घेतेस ना, घेते, तू घेतोस ना, घेतो, ठेवू का, ठेव. घरी आमनेसामने बसवलं तरी तेच, फक्त मध्ये 'अजून काय' जास्त. इथे मात्र दोघंही समोर बघत होते, एकमेकांकडे नाही, आणि मला वाटतं त्यानेच जमलं. समोर काहीतरी चालू आहे, उत्तर दिलं नाही तरी चालतं, दोन ओव्हरनी दिलं तरी चालतं. मध्येच बॉल आला तर विषय सोडायचा, पुन्हा धरायचा. असं आपण घरात का नाही बसत देव जाणे, घरात समोर टीव्ही असतो पण त्याचा रिमोटही असतो, त्यावरून वाद होतात.

तर मला कळलं ते असं की लहानपणी आत्या रेडिओवरची कॉमेंटरी ऐकून स्कोअर लिहायची, बाबांचं काम ट्रान्झिस्टर उंच धरून उभं राहायचं, आवाज खरखरला की दिशा बदलायची, आणि बॅटरी संपली की मार खायचा. स्वतःच्या बापाविषयी हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. म्हणजे माझे बाबा मूळचे अँटेना आहेत.

एवढ्यात मैदानात एक एलबीडब्ल्यूचं (स्टंपवर जाणारा बॉल पायाने अडवल्याचं) अपील झालं, रिव्ह्यू घेतला, मोठ्या स्क्रीनवर 'अंपायर्स कॉल' आला, म्हणजे इतकं काठावरचं की मैदानातल्या अंपायरचाच निर्णय कायम, आणि आत्या पेन्सिल खाली न ठेवता म्हणाली, "तू पण आउट होतास."

बाबा म्हणाले, "ताई, बॉल लेग स्टंपच्या बाहेर पडला होता."

आम्हाला वाटलं मागच्या कुठल्या तरी मॅचबद्दल चाललंय. नाही. हे प्रकरण दोघं शाळेत असतानाचं होतं. आत्या ऑफस्पिन टाकायची, बाबा फळकूट घेऊन बॅटिंग, आणि फळकूट बाबांचं असल्यामुळे ते आउट व्हायचेच नाहीत. त्या विशिष्ट बॉलवर मात्र ते साफ आउट होते असं एक म्हणणं, आणि बॉल लेगच्या बाहेर टप्पा पडला की नियमाने एलबीडब्ल्यू देताच येत नाही असं दुसरं. बायको म्हणाली, थर्ड अंपायरला विचारायचं ना. आत्या लगेच, "तेव्हा कुठला थर्ड अंपायर! तो आला 1992 ला, डरबनला, आणि आल्या आल्या कुणाला रनआउट दिला माहितीये? सचिनला." हे तिने अशा स्वरात सांगितलं की जणू डरबनच्या आधी त्या माणसाने बाबांच्या केसमध्येही काहीतरी घोळ घातला असता. मग विषय डरबनवरून डरबनवरच गेला, 1939 साली तिथे टाइमलेस टेस्ट होती, दिवसांची मर्यादाच नव्हती, दहा दिवस खेळले, इंग्लंडला जिंकायला 696 हवे होते, 5 बाद 654 झाले आणि परतीची बोट चुकेल म्हणून मॅच सोडून निघून गेले. "फक्त 42 राहिले होते," आत्या हळहळून म्हणाली. दहा दिवस! मी मनातल्या मनात 900 ओव्हर आणि या दोघांचं भांडण असा गुणाकार करून बघितला आणि पाणी आणायला उठलो.

आणि उठलो की विकेट पडते, हा टेस्ट क्रिकेटचा न लिहिलेला नियम आहे. मी जिन्याखाली, हातात चार ग्लास, वर काहीच दिसत नाही, आणि डोक्यावरचं काँक्रीट गडगडलं. आधी पायाला कळलं, मग कानाला. ग्लासातलं पाणी थरथरताना मी स्वतः बघितलं. तिथे खाली माझ्यासारखेच आणखी पाच-सात अभागी जीव होते, आम्ही एकमेकांची तोंडं बघितली आणि सगळे एकदम पळत सुटलो, वर येईपर्यंत दोन ग्लास शर्टावर. बघतो तर बाबा उभे. गुडघ्यांमुळे जे घरी सोफ्यावरून उठताना तीनदा देवाचं नाव घेतात ते बाबा, आणि मघाशी ज्याच्याशी पाय लागला म्हणून हुज्जत घातली होती त्या शेजारच्या पोराला त्यांनी घट्ट मिठी मारलेली. टीव्हीवर विकेट पडली तर हे फक्त "हं" म्हणतात.

मला 2020 ची आयपीएल आठवली, अमिरातीत रिकाम्या स्टेडियममध्ये झाली होती ती, आणि टीव्हीवर रेकॉर्ड केलेला प्रेक्षकांचा गोंगाट लावायचे. सिक्स गेला की आवाज बरोब्बर वाढायचा, आणि कॅमेरा फिरला की रिकाम्या खुर्च्या. बाबांनी तेव्हा दोन दिवसांत आवाज बंद करून टाकला होता, मला वाटलं कॉमेंटेटर आवडला नसेल.

टी नंतर मेक्सिकन वेव्ह सुरू झाली. यावर चक्क संशोधन झालंय, 2002 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलंय, की ही लाट सुरू करायला दोन-तीन डझन माणसं पुरतात, ती बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते आणि सेकंदाला साधारण वीस खुर्च्या एवढा तिचा वेग असतो. संशोधकांनी आमचे बाबा धरलेले नाहीत. लाट यायची, बाबा हातांवर जोर देऊन उठायला घ्यायचे, पूर्ण उभे राहून हात वर करायचे तोवर लाट पलीकडच्या टोकाला, आणि आख्ख्या स्टँडमध्ये हात वर केलेले एकटे बाबा. दोनदा असं झाल्यावर बायको म्हणाली, "बाबा, तुम्ही बसूच नका, उभेच रहा, ती फिरून येईल." आणि ते उभे राहिले! मागचे लोक ओरडायला लागले तर आत्याने मागे वळून फक्त बघितलं. लाट फिरून आली, बाबांनी बरोबर वेळेत हात वर केले, आणि त्या दिवशी त्यांना जेवढं समाधान झालं तेवढं माझ्या डिग्रीच्या वेळी झाल्याचं मला आठवत नाही.

दिवस संपत आला तेव्हा माझी पाठ गेली होती, मान भाजली होती, बायकोने पुन्हा आयुष्यात येणार नाही असं जाहीर केलं होतं आणि बाबा गर्दीच्या आधी निघू म्हणून मागे लागले होते. शेवटची ओव्हर. निघायच्या तयारीत अर्धवट उभे असताना पाचव्या बॉलवर बोल्ड. नाइट वॉचमन, म्हणजे दिवसाअखेर चांगला बॅट्समन वाचवायला पुढे पाठवलेला खालच्या नंबरचा गडी, आला, आणि सहाव्या बॉलवर तोही गेला. खेळ संपला. लोक वेडे झाले, आम्ही पण झालो, आणि या सगळ्या गोंधळात आत्या एकटी वहीत काहीतरी बघत होती. मग म्हणाली, "हॅटट्रिक बाकी आहे, सलग तिसरी विकेट. उद्या पहिली ओव्हर दुसऱ्या एंडने दुसरा कुणीतरी टाकेल, मग हा. त्याचा पहिला बॉल."

पार्किंगपर्यंत कुणी काही बोललं नाही. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, मला काही यायचं नाही, पण तुम्ही जाणार असाल तर एकटा घरी बसून काय करू. बायको तोवर फोनवर तिकिटं बघत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच गेट, तीच लाइन, टेप यावेळी घरी. पहिली ओव्हर सुरू झाली आणि दुसऱ्या बॉलला बाबा म्हणाले, आलोच. मी हाता-पाया पडलो, बाबा आत्ता नको, चार बॉल थांबा. म्हणे आहे ना वेळ. गेले. ओव्हर संपली, बॉलर बदलला, चार स्लिप लागल्या, आख्खं स्टेडियम टाळ्यांच्या तालावर, मी जिन्याकडे बघतोय, बाबांचा पत्ता नाही. तो धावत आला, बॉल टाकला, ऑफ स्टंपच्या हातभर बाहेर, बॅट्समनने बॅट वर उचलून सोडून दिला, कीपरने धरला. हजारो माणसांनी एकदम श्वास सोडला तर केवढा आवाज होतो ते मी त्या दिवशी ऐकलं. आणि त्या आवाजावर बाबा जिन्यातून धापा टाकत, पँटचा पट्टा अर्धवट लावत, एकेक पायरी सोडून वर आले.

"काय झालं? गेला का?"

आत्याने वर न बघता वहीत टिंब काढलं. "डॉट."

"म्हणजे मी उगीच पळत आलो," बाबा म्हणाले, आणि पट्टा नीट लावायला पुन्हा खाली गेले.