खातं डिजिटल करताय? मग आधी प्रिंटर घ्या

अभिनंदन साहेब, रस्ते खात्यात डिजिटल सेलवर तुमची नेमणूक झाली म्हणे. आता वरचे रोज विचारणार की कामं डिजिटल कधी होणार आणि खालचे रोज विचारणार की हे करायलाच पाहिजे का, तर घाबरू नका, पुण्यात राहून आम्ही एवढी खोदाई बघितलीय की सल्ला द्यायचा हक्क आम्हाला आहेच.

सगळ्यात आधी मोठा प्रिंटर घ्या. कारण कन्सल्टंट थ्रीडी मॉडेल आणणारच, टेंडरमध्ये बीआयएम, म्हणजे कामाचं सगळ्या माहितीसकट थ्रीडी मॉडेल, लिहून बसलाय ना तुम्ही, तो मीटिंगमध्ये पूल गरगर फिरवून दाखवेल, पाण्याच्या लाइन निळ्या, ड्रेनेज तपकिरी, सगळे वा वा करतील. चहा झाला की त्याला सांगायचं, उत्तम, आता याचे प्लॅन आणि सेक्शन कागदावर काढून आणा, सही-शिक्क्यासाठी. आणि करारात एक ओळ घाला: मॉडेल केवळ माहितीसाठी, तफावत आढळल्यास ड्रॉइंग ग्राह्य. बास. या ओळीनंतर कुठलाही ठेकेदार ते मॉडेल रस्ता समतल करणाऱ्या ग्रेडरच्या मशीनमध्ये टाकायची रिस्क घेणार नाही, साइटवरचा पोरगा कागदावरून लेव्हल, म्हणजे उंचीचे आकडे, वाचून पुन्हा हाताने टाइप करेल, आणि ५६२.४५ चं ५६४.२५ झालं तर बघू, पावसाळ्यात कळतंच पाणी कुठे साठतंय ते.

अमेरिकेत युटा राज्याच्या रस्ते खात्याने काही कामांत मॉडेललाच कायदेशीर कागदपत्राचा दर्जा दिला. नॉर्वेत तर रान्सेल्वा नदीवरचा ६३४ मीटरचा पूल ड्रॉइंगशिवाय, थेट मॉडेलवरून बांधला. आपल्याकडे नाही जमायचं, टॅबवर शिक्का उमटत नाही.

मग एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही. ती ऑनलाइन करा, जरूर करा, फक्त मोजमाप आधी वहीत लिहायचं, वहीचा फोटो काढायचा, फोटोची पीडीएफ, पीडीएफ पोर्टलवर, आणि पोर्टलवरची प्रिंट फाइलला लावायची. बिलाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला तर सर्व्हर डाउन आहे म्हणा. डिजिटल सिग्नेचरचा डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्येच राहू द्या, पिन मॉनिटरला चिकटवलेला असतोच.

डांबराच्या गाडीबाबत मात्र फार जपून. अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्याने २०२१-२२ मध्ये ई-तिकीट नावाचा प्रकार राज्यांच्या गळी उतरवायला घेतला, म्हणजे प्लँटवर गाडी भरली की वजन, वेळ, कुठला माल हे सगळं थेट साइटवरच्या मोबाइलवर, हाताने लिहायचं कामच नाही. असलं काही आपल्याकडे आलं तर काट्याच्या पावतीने काय करायचं? ती चुरगळलेली पावती, त्यावरचा अर्धवट पुसलेला आकडा, तो नीट लावून घेणारा अनुभवी माणूस, ही यंत्रणा एका झटक्यात मोडायची? उद्या कोणी विचारलं की गणपतीआधी केलेला रस्ता नवरात्रात गेला कुठे, तर खरंच उत्तर निघेल हो.

ड्रोन घ्या, ड्रोनला विरोध नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये दर महिन्याचं ड्रोन शूटिंग सक्तीचं केलं, तुम्हीही करा, मागे सनई टाका. गेल्या महिन्याचा व्हिडिओ या महिन्याच्या शेजारी लावून बघायचा नाही, एवढंच पथ्य.

पाइप आणि पिलर एकमेकांत घुसतायत का हे कॉम्प्युटरवर आधीच दिसतं, त्याला क्लॅश डिटेक्शन म्हणतात. आपण ते प्रत्यक्ष आकारात करतो. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आणि मेट्रो यांचा क्लॅश आपल्याला २०२० मध्ये सापडला, अख्खा पूल पाडून. इतकं स्पष्ट कुठल्या स्क्रीनवर दिसतं?

आता खरी गोम, अ‍ॅज-बिल्ट. काम संपल्यावर जमिनीखाली नक्की काय कुठे गेलं, किती खोल, कुठल्या मापाचं, व्हॉल्व्ह कुठे, याचा डेटा म्हणजे या सगळ्या डिजिटल खटाटोपाचं मुख्य फळ, मॉडेल बनवायचं ते पुढची पन्नास वर्षं ते सांभाळणाऱ्यासाठी, निदान बाहेर तरी असं समजतात. तुम्ही मूळ टेंडरचं ड्रॉइंग घ्या, नावापुढे फायनल लिहा, तारीख बदला आणि जमा करून घ्या. वळवलेली लाइन, ऐनवेळी बदललेला चेंबर, हे दाखवून उगाच कोणाचं ऑडिट वाढवू नका. आणि आयएफसीसारखा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फॉरमॅट चुकूनही मागू नका. अमेरिकेतल्या राज्यांच्या रस्ते खात्यांच्या संघटनेने २०१९ मध्ये तो स्वीकारला, त्यांना जुन्या फाइल उघडायची हौस असेल. आपली फाइल फक्त कन्सल्टंटच्या लॅपटॉपवर उघडली पाहिजे, तीही लायसन्स आहे तोवर.

केबलवाल्याचा जेसीबी लागून ऐन डेक्कनवर जलवाहिनी फुटली तर? ड्राइव्ह उघडत बसू नका. भागातल्या जुन्या चावीवाल्याला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्याला, फोन करा, तो स्कूटरवरून येईल, चप्पल बाजूला काढून पाण्यात उतरेल आणि बरोबर त्याच जागी डांबराखाली गाडला गेलेला व्हॉल्व्ह दाखवेल. त्याला काहीही विचारून लिहून घेऊ नका. पुढच्या आठवड्यात तुम्हाला ई-गव्हर्नन्सचं बक्षीस मिळणार आहे, तेव्हा त्याला मागच्या रांगेतली खुर्ची द्या आणि तो रिटायर कधी होतोय ती तारीख तेवढी डॅशबोर्डवर येणार नाही हे बघा.