प्रौढांचं शिकणं नेमकं कुठे अडतं

'आता या वयात कुठे डोक्यात शिरणार?' चाळिशीनंतर हे वाक्य इतकं सर्रास ऐकू येतं की बोलणारा आणि ऐकणारा दोघंही माना डोलावून मोकळे होतात. प्रौढांनाही चांगलं शिकता येतं, असं मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२८ साली पुस्तक लिहून मांडलं होतं. समज मात्र अजून ठाण मांडून आहे.

वयाने काही फरक पडतो, हे खरं. नवी माहिती पकडायला वेळ लागतो, जवळचं बारीक अक्षर दिसत नाही, परक्या भाषेतले उच्चार लहान मुलासारखे जिभेवर बसत नाहीत. पण शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली समज साठीपर्यंतही टिकते, कित्येकांची वाढतेही. म्हणजे वेग कमी होतो, पण नवं टांगायला डोक्यात खुंट्या भरपूर असतात. माझ्या मते बहुतेकांचं शिकणं वयापेक्षा पद्धतीमुळे फसतं. शाळेत जसे बसलो तसेच पुन्हा बसतो: तासभर ऐकायचं, अधोरेखित करायचं, परत वाचायचं.

परत वाचण्याइतकं फसवं काही नाही. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच आपण 'आलं' म्हणून धरतो. त्यापेक्षा वीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, पाच मिनिटं कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा आणि मग चुका तपासा. पहिल्यांदा कागद जवळजवळ कोराच राहतो. बरेच जण तिथेच खचतात, पण खरं काम त्याच पाच मिनिटांत होत असतं.

उजळणीचंही तसंच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच निरर्थक अक्षरसमूहांचे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. असं पाठांतर एका दिवसात सुमारे दोन-तृतीयांश उडून जातं. अर्थपूर्ण गोष्टी इतक्या झपाट्याने जात नाहीत, पण जातात. म्हणून दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने अशी उजळणी ठेवावी. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कधीही चांगला. नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला परवडतोही तोच.

ज्यांना जुनी सवय मोडायची असते त्यांचं दुखणं वेगळं. दोन बोटांनी वर्षानुवर्षं टंकलेखन करणारा दहा बोटांवर आला की सुरुवातीला त्याचा वेग पडतो, कारण हात जुन्या वाटेनेच धावतात. ऐन कामाच्या घाईत तो पुन्हा दोन बोटांवर येतो आणि सगळं मुसळ केरात. अशा वेळी आधी बिनमहत्त्वाच्या मजकुरावर सराव करायचा आणि वेगाकडे काही आठवडे बघायचंच नाही.

साक्षरतेच्या वर्गांबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. पन्नाशीच्या माणसापुढे बालवाडीची चित्रं ठेवली तर त्याला लाजच वाटणार. ब्राझीलमधल्या अंगिकोस गावी १९६३ मध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या गटाने सुमारे तीनशे मजुरांना लिहा-वाचायला शिकवलं, तेव्हा सुरुवात मजुरांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून केली. आधी शब्दावर चर्चा, मग त्याची अक्षरं सुटी, मग त्या अक्षरांतून नवे शब्द. अनेक ठिकाणी सही करता आली की वर्ग संपतो. सही म्हणजे एक पाठ केलेलं चित्र. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता आली, अर्ज स्वतः भरता आला, तर साक्षरता म्हणावी.

आणि वर्ग निवडताना शिक्षकाच्या पदव्या नंतर बघा. आधी एक तास मागे बसून घड्याळ लावा. साठातली पन्नास मिनिटं शिक्षकच बोलत असेल, तर पैसे भरायच्या आधी दुसरा वर्ग शोधा.