सी-एक्स ७५ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका (तुम्हीच लिहिलंत, 'तुझ्याएवढा मुलगा आहे मला', म्हणून काका),

जॅग्वारच्या सी-एक्स ७५ या सुपरकारवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच सोललंत. तुमचं म्हणणं, टर्बाइनवरची गाडी ही निव्वळ थाप, प्रकल्प गुंडाळला म्हणजे पैसे पाण्यात, आणि एकूणच टाटांच्या जिवावर इंग्रजांची हौस. पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे. मी दोन वेगळ्या गाड्या एकाच नावाखाली कालवल्या.

पहिली २०१० साली पॅरिसच्या मोटर शोमध्ये उभी होती. जॅग्वारच्या पंचाहत्तरीची, म्हणून नावात ७५. चार चाकांना चार इलेक्ट्रिक मोटरी, प्रत्येकी १४५ किलोवॅटची. मागे ब्लेडन जेट्स कंपनीची दोन चिमुकली गॅस टर्बाइनं (जेट विमानाच्या इंजिनाच्या जातीची), मिनिटाला ८०,००० फेरे घेणारी. पण त्यांचा चाकांशी संबंधच नव्हता. ती फक्त जनरेटर फिरवणार. तुम्ही म्हणता, हिशेब जुळत नाही. नाहीच जुळत! मोटरी मिळून ५८० किलोवॅट मागणार, टर्बाइनं मिळून १४० देणार. सोसायटीच्या जनरेटरवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालतात, सगळ्यांचे एसी नाही, तसंच हे. पेडल दाबून धरलं की बॅटरी उतरत जाणार.

दुसरी गाडी मात्र थाप नव्हती. मे २०११ मध्ये जॅग्वारने २५० गाड्या काढायचं जाहीर केलं, फॉर्म्युला वनवाल्या विल्यम्सला सोबत घेतलं आणि टर्बाइनं बाजूला ठेवली. त्या जागी आलं १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आकार आपल्याकडच्या साध्या सेडानचा, ताकद ५०० हॉर्सपॉवर, आणि १०,००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला तेवढे फेरे) चढणारं. तुमचं आयुष्य ट्रकच्या डिझेल इंजिनांत गेलं. लिटरमागे तीनशेवर हॉर्सपॉवर म्हणजे पिस्टनवर काय बेतत असेल, हे मी तुम्हाला काय सांगणार? खालच्या आरपीएमला सुपरचार्जर हवा कोंबायचा, वर गेल्यावर तेच काम टर्बो (धुराच्या जोरावर फिरणारा पंखा) हाती घ्यायचा. शिवाय पुढे एक, मागे एक मोटर. या गाडीचे प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीचे नमुने, ट्रॅकवर धावले, पत्रकारांनीही चालवून पाहिले.

डिसेंबर २०१२ मध्ये जॅग्वारने आर्थिक परिस्थितीचं कारण देऊन उत्पादन रद्द केलं. मला ते कारण अर्धंच पटतं. पुढच्याच वर्षी मॅकलॅरेन पी१, पोर्शे ९१८ आणि लाफेरारी आल्या, तिन्ही हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या, आणि पी१ च्या ३७५ गाड्या बघता बघता संपल्या. गिऱ्हाईक होतं, काका. जॅग्वारची हिंमत झाली नाही, इतकंच.

पैसे पाण्यात म्हणाल, तर २०१४ साली फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत सुरू झाली तेव्हा सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या विल्यम्सच्याच होत्या. त्या थेट या प्रकल्पातून निघाल्या असा दावा मी करणार नाही, पण हात बसला होता तो अशाच कामांवर. हौशीचं म्हणाल, तर आहेच की हौस. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार घेतली ती काय टेम्पो बनवायला?

मूळ लेखात दोन्ही गाड्या आता वेगळ्या केल्यात. आणि हो, 'बाँडच्या सिनेमात तर झकास पळते' असं तुम्ही लिहिलंत ना, ती यांतली एकही नव्हे. २०१५ च्या त्या चित्रपटातल्या स्टंटसाठी वेगळ्या गाड्या बांधल्या होत्या. ना टर्बाइन, ना मोटर. आत चक्क ५ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. म्हणजे तुम्हाला आवडली ती तुमच्याच पठडीतली निघाली.