बागेतल्या गाडीचं भाडं कोण भरतं?

दर रविवारी सकाळी माझा चहा होतो तेव्हा पुण्यात संध्याकाळ असते आणि धाकट्या भावाचा फोन येतो. गेल्या महिन्यात विषय निघाला तो त्याच्या सोसायटीजवळच्या महापालिकेच्या बागेचा. फाटकाबाहेर दहा-बारा हातगाड्या लागतात: भेळ, कणसं, कुल्फी, आईस्क्रीम. रस्ता अडतो, कागद उडतात, रविवारी तर पाय ठेवायला जागा नसते. सोसायटीतल्या बहुतेकांचं मत असं की या गाड्या उठवाव्यात, बागेच्या आत एक नीटनेटका स्टॉल बांधावा आणि निविदा काढून जो सर्वांत जास्त भाडं देईल त्याला ठेका द्यावा. वहिनीला हे पटत नाही. भेळवाल्या काकू तिथे वीस वर्षं उभ्या आहेत, त्यांनी कुठे जायचं, असं तिचं म्हणणं. भाऊ मला म्हणाला, "ताई, तूच सांग हिला. तुमच्या न्यूयॉर्कमध्ये सगळं टेंडर काढूनच देतात ना?"

देतात. बावीस वर्षं मी ते पाहते आहे, आणि म्हणूनच वहिनीच्या बाजूने लिहिते आहे.

इथे शहराच्या उद्यान विभागाकडे हॉट डॉगच्या गाडीपासून मोठ्या उपाहारगृहापर्यंत शेकडो जागा आहेत. देण्याच्या मुख्य पद्धती दोन. उपाहारगृहासारख्या मोठ्या जागेसाठी प्रस्ताव मागवतात. त्यात भाडं किती देणार हे पाहतातच, पण अनुभव, पदार्थ, जागेवर किती खर्च करणार यांनाही गुण असतात. हातगाड्यांसाठी मात्र साधारणपणे बंद पाकिटातली बोली. पाकिटं उघडायची, मोठा आकडा निवडायचा.

या व्यवस्थेत आपण घ्यावं असं बरंच काही आहे. शहराची जागा किंवा हक्क खासगी माणसाला देण्यावर नजर ठेवायला एक वेगळी समिती आहे, मोठ्या करारांवर ती जाहीर सुनावणी घेते आणि कोणीही नागरिक उठून दोन मिनिटं बोलू शकतो. दुसरं म्हणजे इथे बागेतली जागा भाडेपट्ट्याने देत नाहीत, परवान्याने देतात. हा फरक कागदापुरता नाही. बाग म्हणून राखलेली जमीन राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कामाला देता येत नाही, असं इथलं जुनं तत्त्व आहे. युनियन स्क्वेअरमधल्या जुन्या मंडपात उपाहारगृह काढायचं ठरलं तेव्हा रहिवासी कोर्टात गेले. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याचं एक कारण हे होतं की करार परवान्याचा होता, ताबा शहराकडेच होता. मुंबईत महापालिकेची मोकळी मैदानं 'देखभालीसाठी' म्हणून संस्थांकडे गेली आणि त्यांतल्या काहींवर क्लब उभे राहिले. ते परत घेताना काय यातायात झाली हे ज्यांनी पाहिलं, त्यांना भाडेपट्टा आणि परवाना यांतला फरक वेगळा समजावून सांगायला नको.

आता बोलीबद्दल. या शहराची सर्वांत जुनी बाग म्हणजे मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाची बोलिंग ग्रीन. १७३३ मध्ये शहराने ती जागा तीन नागरिकांना बाग करण्यासाठी दिली, आणि भाडं ठरलं वर्षाला मिरीचा एक दाणा. हक्क शहराचा आहे एवढी आठवण राहावी, म्हणून तो दाणा. जागा लोकांची आहे आणि ती लोकांच्याच उपयोगासाठी दिली आहे, हे त्या भाड्यात सांगितलेलं होतं. तिथून मेट्रोने अर्ध्या तासावर सेंट्रल पार्कमधलं प्राणिसंग्रहालय आहे. त्याच्याजवळच्या एका हॉट डॉगच्या गाडीचं वर्षाचं भाडं २०१३ मध्ये २,८९,५०० डॉलर होतं. गाडीचं! छत नाही, खोली नाही, चार चाकं आणि एक छत्री. वर्षाच्या ३६५ दिवसांवर पसरलं तरी रोजचे ७९३ डॉलर होतात. एक हॉट डॉग ३ डॉलरला धरला तर नुसतं भाडं निघायला रोज २६५ विकावे लागतील, हिमवर्षावाच्या दिवशीसुद्धा. पाव, सॉसेज, गॅस, उभा राहणारा माणूस, हे सगळं त्यानंतर.

हा पैसा कुठून येतो? ठेकेदार घरून आणत नाही. तो येतो बागेत आलेल्या मुलाच्या खिशातून, आणि गाडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या मजुरीतून. मी ज्या बाकावर दुपारचा डबा खाते त्याच्यासमोर एक आईस्क्रीमची गाडी असते. गाडीवरचे गृहस्थ साठीचे. बोली त्यांनी लावलेली नाही, परवाना त्यांच्या नावावर नाही. कोणाच्या तरी अनेक गाड्यांपैकी ही एक, आणि त्यांना दिवसाच्या विक्रीतला ठरलेला हिस्सा मिळतो. पावसाच्या दिवशी जवळजवळ काहीच मिळत नाही. आमची ओळख झाल्याला सहा वर्षं झाली. स्वतःची बोली का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. अनामत रक्कम भरायला पैसे कुठून आणू, एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले.

जास्त बोली म्हणजे शहराचा जास्त फायदा, हेही नेहमी खरं ठरत नाही. मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या दारातल्या दोन गाड्यांसाठी एका विक्रेत्याने वर्षाला ६ लाख डॉलरांच्या वर बोली लावली होती. हप्ते थकले आणि २००९ मध्ये त्याला जागा सोडावी लागली. त्याच पायऱ्यांसमोर युद्धात अपंग झालेले माजी सैनिक गाड्या लावत होते. सैनिकांना फेरीविक्रीचा खास हक्क देणारा इथला कायदा १८९४ पासूनचा आहे, त्याच्या आधारे ते उभे होते आणि त्यांना असलं भाडं नव्हतं. एकाच फुटपाथवर एकाला लाखो डॉलर आणि दुसऱ्याला शून्य. माजी सैनिकांचा हक्क मला मान्य आहे. खुपतं ते हे की शहराने आकडा स्वीकारताना तो निघेल कसा, याचा विचार केलेला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट भावाला माहीत नव्हती. बागांच्या ठेक्यांतून येणारा पैसा बहुतांशी शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. त्या बागेच्या नळाला, बाकांना, माळ्याच्या पगाराला तो मिळेलच असं नाही. मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये २००१ साली एक हॉट डॉगची गाडी लागली, २००४ मध्ये तिथे पक्का स्टॉल झाला, आणि पुढे त्याची शेक शॅक ही जगभरची साखळी झाली. तिथे उत्पन्नाचा वाटा त्याच बागेची देखभाल करणाऱ्या संस्थेला जातो, आणि बाग पाहिली की ते कळतं. आपल्याकडे असा नियम निविदेच्या पहिल्या पानावर हवा.

पण मला सांगायची आहे ती रेड हुकची हकिगत. ब्रुकलिनच्या या बंदराकडच्या भागात फुटबॉलची मैदानं आहेत. १९७४ पासून तिथे शनिवार-रविवारी मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली कुटुंबं तंबू ठोकून खायला करायची: एल साल्वादोरच्या पुपूसा, मेक्सिकोचे टाको, भाजलेली कणसं. आधी खेळाडू आणि त्यांच्या घरच्यांसाठी, मग हळूहळू सगळं शहर तिथे जेवायला येऊ लागलं. तात्पुरत्या परवान्यांवर वर्षानुवर्षं चाललं. २००७ मध्ये उद्यान विभागाने कळवलं की आता या जागेसाठी स्पर्धा होईल. म्हणजे ज्यांनी तेहतीस वर्षं ओसाड मैदानाला चव आणली, त्यांनी ती चव झाल्यावर इतरांच्या रांगेत उभं राहायचं. लोक खवळले, वर्तमानपत्रांनी लिहिलं, लोकप्रतिनिधी मध्ये पडले. विक्रेत्यांनी एकत्र येऊन आपल्या स्वतःच्या समितीच्या नावाने अर्ज केला आणि २००८ मध्ये त्यांना सहा वर्षांचा परवाना मिळाला. पुढे आरोग्य विभागाच्या नियमांसाठी तंबू सोडून महागड्या गाड्या आणि ट्रक घ्यावे लागले. तो खर्च सगळ्यांना पेलला नाही, काही कुटुंबं गेली. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा कणीस भाजणाऱ्या बाईंनी मीठ-तिखट लिंबाच्या फोडीने चोळून दिलं होतं, अगदी सारसबागेबाहेर मिळायचं तसं. नंतरच्या एका उन्हाळ्यात त्या दिसल्या नाहीत.

या हकिगतीत मला भेळवाल्या काकू दिसतात. आणि इथेच आपल्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: या बाबतीत कायदा आपला चांगला आहे. रेड हुकच्या विक्रेत्यांना 'आम्ही इतकी वर्षं इथे आहोत' असं म्हणायला कायद्यात कुठलंही कलम नव्हतं. आपल्याकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं की रस्त्यावर विक्री करणं हा, वाजवी निर्बंधांसह, व्यवसायाच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला उठवू नका, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. पन्नास वर्षांहून जुन्या बाजाराला वारसा बाजार मानण्याची तरतूदसुद्धा त्यात आहे. न्यूयॉर्कच्या गाडीवाल्याला हे वाचून दाखवलं तर त्याला खरं वाटणार नाही. अडतं ते अंमलबजावणीत. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले, आणि समितीच्या निवडणुकीसाठी मतदान व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. मतदार होते फक्त ३२,४१५.

मग अधिकारी सर्वोच्च बोलीच का धरून बसतात? दरवेळी लबाडी असते असं मी मानत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ सांगतं की पालिकेची स्थावर मालमत्ता चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येणार नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर सही करणाऱ्याची मान अडकते, आणि सर्वांत मोठा आकडा निवडला की कोणी विचारत नाही. ही भीती खरी आहे. पण सर्वांत उतावीळ माणसाने पाकिटात लिहिलेला आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. आसपासच्या तशाच जागेचं वाजवी भाडं काढता येतं. मोबाइल सेवेच्या लहरी वाटण्याच्या स्पेक्ट्रम प्रकरणानंतर राष्ट्रपतींनी मत विचारलं तेव्हा, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक साधनसंपत्तीबद्दलही हेच सांगितलं की लिलाव हाच एकमेव घटनामान्य मार्ग नाही, पद्धत न्याय्य आणि लोकहिताची हवी. स्पेक्ट्रमला जे लागू होतं ते कुल्फीच्या गाडीला का लागू होऊ नये?

माझं म्हणणं एवढंच: गाड्यांसाठी भाड्यावर स्पर्धा नको. भाडं आधी ठरवून जाहीर करा. ज्यांच्याकडे पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे आणि जे त्याच बागेशी आजवर उभे आहेत त्यांना पहिला हक्क द्या, उरलेल्या जागांची सर्वांसमोर सोडत काढा. एका कुटुंबाला एकच गाडी. परवाना ज्याच्या नावावर त्याने किंवा त्याच्या घरच्याने स्वतः उभं राहायचं, पोटठेका दिसला की परवाना रद्द. दरपत्रक गाडीवर लावायचं. इथेही ते उद्यान विभागाकडून मंजूर करून घ्यावं लागतं आणि ती गोष्ट चांगली आहे. बसून खायचं मोठं उपाहारगृह असेल तर त्याचे प्रस्ताव जरूर मागवा, तिथे मोठ्या भांडवलाला काम आहे.

सोसायटीतल्या लोकांची तक्रारही मी हलक्यात घेत नाही. आईला बागेत नेताना तिची चाकाची खुर्ची त्या गाड्यांमधून काढायला मला दर सुट्टीत कसरत करावी लागते. पण घाण होते ती ठेका नाही म्हणून होत नाही. नळ नाही, सांडपाण्याची सोय नाही, कचऱ्याचा डबा नाही, म्हणून होते. ते सगळं आत आहे, भिंतीपलीकडे. गाड्या आत घ्या, नळाची तोटी द्या, पाण्याचे पैसे भाड्यात धरा. आज ती माणसं काहीच भरत नाहीत असंही कोणी समजू नये. काही ना काही रोज द्यावं लागतं, फक्त त्याची पावती मिळत नाही. पावतीचं भाडं त्यांनाही हवंच आहे.

आणि एकच मोठा ठेकेदार आला तर काय होईल, हे आईस्क्रीमच्या पेटीत पाहा. आपल्या नियमांनुसार आईस्क्रीम म्हणायचं तर दुधाची स्निग्धता किमान १० टक्के लागते, वनस्पती तेलाचं असेल त्याला फ्रोझन डेझर्ट म्हणतात. भाडं फुगलं की ठेकेदार पहिली काटछाट इथेच करतो. वेष्टनावरची बारीक अक्षरं चार वर्षांचं मूल वाचत नाही. शेजारी दुसरी गाडी असेल तर आई-बाप तिकडे जाऊ शकतात. एकच स्टॉल असेल तर कुठे जातील?

भावाने ऐकून घेतलं. त्याचं मत पूर्ण बदललं नाही, सोडतीतही लोक खोट्या नावांनी अर्ज भरतील असं तो म्हणाला. भरतील. म्हणून तर विक्रेत्यांची निवडून आलेली समिती हवी, कोण खरा आणि कोण घुसवलेला हे त्यांना तोंडपाठ असतं.

गेल्या रविवारी फोनवर वहिनी होती. ती काकूंना विचारून आली होती. काकूंकडे पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे. प्लास्टिकच्या पिशवीत दुमडून, गल्ल्याच्या डब्यात तळाशी ठेवलेलं. आजवर ते कोणी पाहायला मागितलंच नव्हतं. सोसायटीकडून महापालिकेला पत्र जायचं आहे. भावाला सांगितलंय की तुझं मत काहीही असो, पत्रात त्या प्रमाणपत्राचा क्रमांक लिही, आणि त्या फाटकाशी अजून किती जणांकडे ते आहे हे आधी जाऊन विचारून ये.