शिंगी बेडकाची ओळख शिंगांवरून पटलेली नाही

परभणी-लातूरकडच्या शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे: मादागास्करमध्ये सोळा इंची बेडकाचा अखंड सांगाडा शिंगांसह सापडला, तो डायनासोर खात असे, आणि भारत तेव्हा मादागास्करला जोडलेला असल्याने तो मराठवाड्याच्या खडकांतही मिळणार. बेडूक खरा आहे. मजकुरातले बाकी बहुतेक टिकत नाही.

अखंड सांगाडा मिळालेला नाही. जीवाश्म-अभ्यासक डेव्हिड क्राउझ यांच्या पथकाला 1993 पासून सुटे तुकडे मिळत गेले आणि ते जुळवून 2008 मध्ये सुसान इव्हान्स, मार्क जोन्स व क्राउझ यांनी ‘बील्झेबुफो अँपिंगा’ ही प्रजाती जाहीर केली.

शिंगांचे विधान तर मुळातच चुकते. दक्षिण अमेरिकेतल्या आजच्या शिंगी बेडकांची ‘शिंगे’ म्हणजे डोळ्यांवरची मऊ कातडी. ती कुजते, जीवाश्मात उरत नाही. उरतात ती हाडे, आणि या बेडकाच्या कवटीचा बोटभर तुकडाही बोलका असतो: वरच्या बाजूला दाटीने खड्डे आणि त्यांच्यामधून गेलेले उंचवटे. मात्र असा खडबडीतपणा दूरच्या नात्यातल्या बेडकांतही स्वतंत्रपणे येतो, म्हणून दात, जबड्याची ठेवण, कवटीची रुंदी आणि मणके हे सगळे एकत्र ताडून पाहावे लागते. एवढे करूनही दक्षिण अमेरिकी शिंगी बेडकांशी त्याचे नाते नेमके किती जवळचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते मला या विषयाचे बळ वाटते.

सोळा इंच हा 2008 मधला अंदाज. 2014 मध्ये, अधिक हाडे हाती आल्यावर, त्याच अभ्यासकांनी तो सुमारे 23 सेंटिमीटरवर, म्हणजे नऊ इंचांवर आणला. आजचा आफ्रिकेतला गोलियाथ बेडूक याहून मोठा असतो.

डायनासोर खाल्ल्याचा थेट पुरावा नाही. 2017 मध्ये जिवंत शिंगी बेडकांच्या चाव्याचा जोर मोजून, लहान डायनासोर पकडण्याइतकी ताकद या बेडकात असावी, एवढाच तर्क केला गेला.

राहिला मराठवाडा. हा बेडूक सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीचा, तर भारत मादागास्करपासून तुटला सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात बेडूक मिळतात खरे, पण मुंबईत वरळीच्या अशा थरातला ‘इंडोबॅट्रॅकस’ हा अगदी लहान, निराळ्या कुळातला बेडूक आहे.