खानापूरच्या पोराला धारवाड लांब, तुरुंग जवळ

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आपण सीमाभागातले मराठी लोक भाषेचं निवेदन घेऊन उभे राहतो. राहायलाच पाहिजे. पण यंदा त्यात आणखी एक मागणी घाला, ही माझी कळकळीची विनंती आहे. डोक्याच्या आजारासाठी तालुक्यात पैसा आणा. डॉक्टर, नर्स, महिन्याच्या गोळ्या, आणि आजारी माणसाला कोठडीऐवजी दवाखान्यात नेण्याची सोय.

ओळखीच्या एका घरातलं सांगतो. पोरगा धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसोपचार रुग्णालयाच्या गोळ्यांवर चांगला होता, शेतात राबायचा. मग धारवाडच्या फेऱ्या थांबल्या. बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळं आईला तिकीट लागत नाही, पण पोराला लागतं, आणि रोज दोघांचाही बुडतो. गोळ्या सुटल्या. रात्र रात्र जागरण, कुणीतरी मारायला येतंय ही भीती. घरच्यांनी अंगारा-धुपारा केला. त्यांना नावं ठेवू नका, अंगारा गावात मिळतो. शेवटी एका रात्री त्यानं शेजाऱ्याच्या घरावर दगड मारले. शेजाऱ्याच्या घरात लहान मुलं, त्यानं पोलीस बोलावले, त्यालाही मी दोष देत नाही. केस झाली. जामीनदार पाहिजे, जामीनदाराला जमिनीचा उतारा पाहिजे. असल्या पोरासाठी उतारा कोण देणार? पोरगा आतच राहिला.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० स्पष्ट आहे. आजारामुळं स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेला माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. आता फौजदारानं रात्री अकराला न्यायचं कुठं? राज्य सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुक्याला मानसोपचार तज्ज्ञ येतो तो मंगळवारी. आजार वार बघून येत नाही. किरकोळ गुन्ह्यात १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली न्यायाधीश शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडू शकतात, पण देखरेख करणारा माणूस आणि उपचार दोन्ही घराजवळ असतील तरच त्याचा उपयोग.

पैसा नाही हे मला पटत नाही. तुरुंगातलं जेवण, पहारा, कोर्टात ने-आण, हा खर्च सरकार मुकाट करतंच की. केंद्राच्या आरोग्य बजेटात मानसिक आरोग्याला साधारण एक टक्का, आणि त्यातलाही मोठा हिस्सा बेंगळुरूच्या निमहान्स या एकट्या मानसिक आरोग्य संस्थेला जातो. निमहान्सचा मला अभिमान आहे. गावाजवळ उपचार कसे द्यायचे हे १९८० च्या दशकात त्यांनीच बळ्ळारीत दाखवलं, प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवून. १९९६ मध्ये देशभरासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला तो बळ्ळारीच्याच धड्यावर. आपल्याच राज्यात जन्मलेली गोष्ट खानापूरला पोटभर का मिळू नये? बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ लाच ४७ लाखांवर होती. निपाणीहून धारवाड दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं.

आणि भाषा. ताप थर्मामीटरला कळतो. कानात आवाज येतात, ते काय काय बोलतात, हे माणूस घरच्याच भाषेत सांगणार. खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीणमध्ये मराठी बोलणारा समुपदेशक मागण्यात कन्नडला विरोध कसलाच नाही. कन्नड बोलणाऱ्याला कन्नडमधून मिळू दे, आमच्या आईबापांना मराठीतून. ही मागणी तर दोन्हीकडच्या आमदारांनी मिळून लावून धरावी.

निवेदन मी लिहायला घेतलंय. ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांनी मला मेसेज करा, नाव कुठं येणार नाही, फक्त अडचण नेमकी कुठं येते ते सांगा: गोळ्या, बस, जामीन, की डॉक्टर. आणि आज रात्रीच कुणाला त्रास होत असेल तर अधिवेशनाची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फोन फुकट, २४ तास चालू, मराठीतही बोलता येतं.